एका तोंडाची तीन उत्तरं

डॉक्टरबाई, नमस्कार.

माझं वय ४६, शाळेत शिकवते. वर्गातली चाळीस मुलं मला घाबरतात आणि मी दातांच्या खुर्चीला. आठवीत असताना एक दाढ कोरायची होती, तेव्हा दोघांनी मला धरून ठेवलं होतं. ते घर्रर्र अजून कानातून गेलेलं नाही. गेल्या महिन्यात धीर करून तपासून आले, तर तीन कामं निघाली. उजवीकडच्या खालच्या दाढेच्या खाचेत कीड आहे म्हणाले. पेनसारखं एक यंत्र दाढेवर टेकवलं, त्यावर २८ आकडा आला. डावीकडे वीस वर्षांपूर्वी चांदी भरलेली दाढ आहे, तिची कड तुटलीय आणि तुटलेल्या जागेवर हिरडी चढलीय. शिवाय ब्रश करताना रक्त येतं. डॉक्टर म्हणाले, "सगळं लेझरने करू. सुई नाही, ड्रिल नाही, दुखणं नाही." ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं. नवरा मात्र म्हणतो, हे सगळं पैसे काढायचं फॅड. आणि हे किरण एक्स-रेसारखे अपायकारक तर नसतात ना? कुणाचं ऐकू?

– खुर्चीला घाबरणारी

ता. क. सासऱ्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आहे. दोन-तीन महिने झाले, दुखत नाही. त्यांना पेसमेकर आहे, त्यामुळे कापाकापी नको म्हणतात. ओळखीच्या एकांनी सांगितलं, लेझरने पाच मिनिटांत जाळून टाकतात. माझ्याबरोबर त्यांनाही नेऊ का?

*

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

सासऱ्यांना न्या, जरूर न्या, पण चट्टा जाळायला नाही, तपासायला. तोंडातली कुठलीही जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो दाखवायचा, एवढा साधा नियम आहे. तुम्ही दोन-तीन महिने म्हणताय. घाबरू नका, असे पुष्कळ चट्टे निरुपद्रवी निघतात. पण निरुपद्रवी कोणता आणि दुसऱ्या जातीचा कोणता, हे नुसत्या नजरेने माझ्यासारखीला तीस वर्षांनंतरही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी छोटासा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. त्याला बायॉप्सी म्हणतात. चट्टा आधीच लेझरने जाळून टाकला तर बघायला काही उरतच नाही. वरचं गेलं म्हणून सगळे खूश, आणि खाली काय होतं ते कुणालाच कळलेलं नाही, अशी पंचाईत होते. तुकडा लेझरने कापून पाठवला तरी त्याच्या कडा भाजलेल्या असतात, तपासणाऱ्याला त्या नीट वाचता येत नाहीत. म्हणून अशा वेळी बरेच जण साधी सुरीच पसंत करतात, नाहीतर भाजलेली कड गृहीत धरून तुकडा जरा मोठा घेतात.

पेसमेकरबद्दल त्यांची भीती अगदीच निराधार नाही, पण ती चुकीच्या गोष्टीला चिकटली आहे. विजेच्या झटक्याने कापणारं जे कॉटरी यंत्र असतं, त्यातला प्रवाह काही पेसमेकरच्या कामात लुडबुड करू शकतो. सुरीचा आणि पेसमेकरचा काही संबंध नाही. लेझर म्हणजे प्रकाश, तोही शरीरातून वीज सोडत नाही. त्यामुळे तपासणीचा निकाल आल्यावर तो चट्टा काढायचाच ठरला, तर लेझर त्यांच्यासाठी खरोखरच सोयीचा पर्याय असेल. अशांना बहुधा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही चालू असतात. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दाताच्या डॉक्टरांना सांगायच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारायच्या.

आता तुमच्याकडे येते.

तुमचे डॉक्टर म्हणतात सगळं लेझरने होईल आणि तुमचे यजमान म्हणतात सगळं थोतांड. दोघांनीही लेझर नावाची एकच वस्तू धरली आहे. तशी एक वस्तू नसते. बाहेर उन्हात काळं कापड, पांढरं कापड आणि काचेचा तुकडा शेजारी शेजारी ठेवा. ऊन तेच, पण काळं तापतं, पांढरं त्यामानाने कमी, आणि काचेतून ऊन सरळ पलीकडे जातं. प्रकाश जिथे शोषला जातो तिथेच त्याची उष्णता होते. लेझरचं सगळं शास्त्र या एका ओळीवर उभं आहे. लेझर म्हणजे एकाच तरंगलांबीचा (प्रकाशाच्या लाटेचं माप, ते नॅनोमीटरमध्ये सांगतात), अगदी बारीक ठिपक्यावर गोळा करता येणारा प्रकाश. ती तरंगलांबी कुणाला 'दिसते' आणि कुणाच्या आरपार जाते, यावर त्याचं काम ठरतं. आपल्या तोंडात तो शोषणारे चार जण आहेत: पाणी, रक्ताचा लाल रंग, कातडीतला काळा रंग आणि दाताचं खनिज.

दवाखान्यांत सगळ्यात जास्त दिसतो तो डायोड लेझर. त्याची तरंगलांबी साधारण ८०० ते ९८० नॅनोमीटर. हा प्रकाश रक्ताच्या लाल रंगात आणि हिरडीच्या काळसर रंगात शोषला जातो. पाण्याला तो फारसा ओळखत नाही आणि दाताच्या कडक आवरणाला तर जवळजवळ नाहीच. म्हणजे हिरडी कापायला चांगला, रक्त थांबवायला फारच चांगला, आणि दाढ कोरायला शून्य. एक आतली गोष्टही सांगते. या यंत्राच्या बारीक काचतंतूचं टोक वापरण्याआधी मुद्दाम काळं करून घेतात. मग प्रकाश त्या काळ्या टोकातच अडतो, टोक लालबुंद तापतं आणि कापायचं बरंचसं काम ते तापलेलं टोकच करतं. त्यात वाईट काही नाही, पण 'प्रकाशाची जादू' वगैरे ऐकलं की मला हसू येतं.

दाढ कोरणारा लेझर वेगळा. त्याला अर्बियम म्हणतात. त्याचे दोन भाऊ आहेत, एक २७८० नॅनोमीटरचा आणि दुसरा २९४० चा. दोघांनाही पाण्याचं वेड. पाणी जो प्रकाश सगळ्यात अधाशीपणाने पितं, तो नेमका याच टप्प्यातला. आता तुम्ही विचाराल, दाढेत पाणी कुठून आलं? असतं, थोडं. दाताचं वरचं पांढरं आवरण, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, पण उरलेल्यात पाण्याचे कण अडकलेले असतात. आतल्या डेंटिनमध्ये पाणी अंदाजे १० टक्के. आणि किडलेल्या भागात त्याहून जास्त, कारण कीड म्हणजे खनिज विरघळून पोकळ, ओलसर झालेला दात. अर्बियमचा एक झटका सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागाइतकाच टिकतो. तेवढ्यात त्या कणांची वाफ होते, वाफेला फुगायला जागा नसते, आणि ती भोवतालचं खनिज फोडून बाहेर पडते. दाढ भाजत नाही, तासली जात नाही. तिचा कण न् कण आतून उडवला जातो. सेकंदाला असे दहा-वीस किंवा जास्त झटके, वर सतत पाण्याचा फवारा. आवाज येतो तो टक-टक-टक असा, बोटांनी कडकड मोडावीत तसा. घर्रर्र नाही.

मुद्दाम इतकं खोलात सांगितलं, कारण यातच तुमच्या पहिल्या कामाचं उत्तर आहे. नेहमीच्या ड्रिलचं चक्र हवेच्या जोरावर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. तुमच्या कानात बसलेला आवाज त्याचा, आणि कवटीत शिरणारी ती थरथरही त्याचीच. अर्बियमचं टोक दाताला टेकतच नाही, जरासं अंतर राखून असतं. थरथर नाही, घासण्याची उष्णता नाही. म्हणून छोटी कीड काढताना अनेकांना सुईची गरजच वाटत नाही. हे फक्त विक्रेत्यांचं बोलणं नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली लेझर आणि ड्रिल यांची तुलना करणाऱ्या ९ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ६६२ रुग्ण होते. कीड पूर्ण काढण्यात दोघांत ठळक फरक दिसला नाही. दुखणं आणि भुलेची गरज मात्र लेझरकडे कमी दिसली. त्याच अहवालात हेही स्पष्ट लिहिलं आहे की या चाचण्यांचा दर्जा बेताचा होता. तेव्हा 'कमी दुखतं' हे मी मान्य करते, 'दुखतच नाही' हे नाही. काहींना पाण्याचा गारवा झोंबतो, आणि खोल गेलेल्या किडीला सुई लागतेच.

कसं वाटतं ते सांगते, म्हणजे खुर्चीत दचकायला नको. गार पाणी, टक-टक, हलका जळका वास, आणि दातावर कुणी नखाने टिचक्या माराव्यात तसं काहीतरी. आणि वेळ. ड्रिलपेक्षा जास्त वेळ लागतो, विशेषतः एनॅमलमधून आत शिरताना. वरचं खनिज कोरडं आणि कडक, त्यात पाणी थोडं, म्हणून तिथे हा लेझर अडखळतो. किडलेल्या भागात पोचला की झपाट्याने जातो. डॉक्टरांच्या बाजूने एक तोटा आहे. ड्रिल धरलं की मऊ-कडक हाताला कळतं, लेझरमध्ये हात आंधळा होतो. म्हणून मधूनमधून थांबून छोट्या हत्याराने कीड संपली का ते खरवडून बघावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी तसं केलं तर 'यांच्या लेझरला जमत नाही वाटतं' असं समजू नका. तेच बरोबर आहे. पुढचं दाढ भरणं नेहमीसारखंच. लेझरने फिलिंग जास्त टिकतं वगैरे काही नाही.

पण थांबा, त्या आधी तो २८ चा आकडा. ते पेनसारखं यंत्रही लेझरच, पण अगदी मवाळ. ६५५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश दाढेवर टाकायचा आणि दाढ त्याला किती चमकून उत्तर देते ते मोजायचं. किडलेल्या भागात जंतूंनी सोडलेले पदार्थ असतात, ते जास्त चमकतात. मोजपट्टी ० ते ९९. गोम अशी की खाचेतला डाग, किटण, जुन्या फिलिंगची कड, दात घासायच्या पेस्टचे कण, हे सगळेसुद्धा चमकतात. २८ हा काठावरचा आकडा आहे. त्या एका आकड्यावर कुणी दाढ उघडू नये. खाच नीट साफ करून पुन्हा मोजा, एक्स-रे बघा, आणि भिंगातून किंवा चांगल्या उजेडात दाढ वाळवून बघायला सांगा. कीड फक्त वरच्या आवरणात असेल, पृष्ठभागाला भोक पडलं नसेल, तर फ्लोराइड लावून किंवा खाच सील करून लक्ष ठेवता येतं. म्हणजे ना ड्रिल ना लेझर. हे उत्तर तुमच्या कानाला सगळ्यात गोड लागेल, म्हणून मुद्दाम सांगते की ते तपासून मिळवायचं आहे, गृहीत धरायचं नाही.

दुसरी दाढ, चांदीची. इथे माझं उत्तर सरळ नाही. धातू हा प्रकाश परत फेकतो. अर्बियम असो की आणखी काही, जुनी चांदी लेझरने काढत नाहीत. प्रकाश उलटून भलतीकडे जायचा किंवा धातू तापून दाढेच्या नसेला चटका द्यायचा. कॅपचंही तसंच, धातूची कॅप लेझरने कापत नाहीत. ती चांदी ड्रिलनेच निघेल. तुम्हाला 'ड्रिल नाही' असं सांगितलं गेलं असेल, तर एकतर ते घाईत बोलले किंवा तुमची भीती बघून बोलले. दुसऱ्या कारणासाठी मी त्यांना माफ करेन, पण ऐन खुर्चीत तुम्हाला धक्का बसण्यापेक्षा आज माझ्याकडून कळलेलं बरं.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर थोडी जुनी गोष्ट. थिओडोर मैमन यांनी १६ मे १९६० रोजी माणिकाच्या कांडीतून पहिला लेझर काढून दाखवला. दातांवाल्यांना दम कुठला! चार-पाच वर्षांत तो दातांवर रोखून झाला. १९६५ मध्ये लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी आपल्याच भावाच्या, बर्नार्ड यांच्या दातावर त्याचे दोन झटके दिले. भाऊ स्वतः दंतवैद्य, त्यामुळे राजीखुशीने बसला असणार. दुखलं नाही, वरवरची इजा झाली. पण माणिकाचा प्रकाश दात नीट शोषत नव्हता आणि उष्णता आत झिरपत होती. त्याच वर्षी झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर दाखवलं की नसेचं तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं तरी काही दातांची नस सावरत नाही. साडेपाच अंश म्हणजे फार नव्हे. तिथे गाडं अडलं ते पुष्कळ वर्षं. १९६४ मध्ये कुमार पटेल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. तो मऊ भाग कापायला उत्तम निघाला, पण दाढ कोरण्याचा प्रश्न तसाच राहिला. पाणी पिणाऱ्या अर्बियमने दात न तापवता कोरता येतो हे हिब्स्ट आणि केलर या जर्मन जोडीने १९८९ मध्ये मांडलं, आणि अमेरिकेत दाताच्या कडक भागासाठी त्याला परवानगी मिळाली ती १९९७ साली. म्हणजे तुमच्या यजमानांना सांगा, फॅड म्हणायला हे जरा जुनंच आहे.

त्याच चांदीच्या दाढेवर हिरडी चढली आहे ना, तिथे मात्र लेझर चपखल. डायोडने तेवढी हिरडी मागे सारली की रक्त जवळजवळ येत नाही, जागा कोरडी राहते, आणि कोरड्या जागेत नवं फिलिंग नीट चिकटतं. बहुधा टाके लागत नाहीत. हिरडी बधिर करायला काहींना नुसती जेल पुरते, काहींना सुईचं एक टोचणं लागतं. नंतर त्या जागेवर पिवळट-पांढरा पापुद्रा धरतो. फोन करून "पू झालाय" म्हणणाऱ्या रुग्णांची संख्या मी मोजायची सोडून दिली आहे. तो पू नाही, जखमेचं झाकण आहे. ब्रशने खरवडू नका. आणि 'लेझरची जखम लवकर भरते' हेही आंधळेपणाने घेऊ नका. सुज आणि रक्तस्राव कमी असतो हे खरं, पण सुरीच्या स्वच्छ कापापेक्षा ती पहिले काही दिवस संथही भरते. माझंच सांगते. माझा पहिला डायोड आला तेव्हा नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं मला सगळीकडे लेझरच दिसायला लागला. एका मुलाच्या अक्कलदाढेवरची हिरडी काढताना मी टोक एकाच जागी नको तितका वेळ धरून ठेवलं. दोन दिवस तो मजेत होता, तिसऱ्या दिवशी कान धरून आला. भरायला तीन आठवडे लागले. यंत्राचा दोष नव्हता, माझ्या हाताचा होता.

तिसरं काम, हिरड्यांतून रक्त. इथे माझं उत्तर: सध्या नको. रक्त येतं कारण दातांच्या मुळाशी जंतूंचा थर आणि किटण बसलेलं असतं. ते खरवडून काढणं, म्हणजे स्केलिंग, आणि नंतर तुमचा रोजचा ब्रश आणि दातांमधली सफाई, हाच मुख्य उपचार. डायोड किटण काढू शकत नाही. 'हिरड्यांत लेझर फिरवून जंतू मारतो' असं म्हणतात. काही जंतू मरतात, खरं आहे, पण अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये पुरावा चाळला तेव्हा स्केलिंगच्या जोडीला नुसता डायोड फिरवण्याची शिफारस त्यांनी केली नाही. आधी साधी सफाई करून घ्या, सहा-आठ आठवड्यांनी हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटींची, म्हणजे खिशांची, खोली पुन्हा मोजून घ्या. तरीही कुठे खोल खिसे उरले तर पुढचं बोलू. यजमानांचा मुद्दा बरोबर असेल तर तो इथे आहे.

दात पांढरे करण्यासाठी लेझर लावतात, त्याचं कुणी सुचवलंच तर एवढं लक्षात ठेवा की पांढरं करते ती जेल. प्रकाशाची भर फारशी टिकत नाही. आणि न कापणाऱ्या मंद लेझरचा एक उपयोग मला खरोखर मोलाचा वाटतो. केमोथेरपी किंवा डोक्या-मानेचं रेडिएशन चालू असलेल्यांच्या तोंडात फार वेदनादायक फोड येतात, ते टाळायला तो वापरतात. तुमच्या पत्राशी त्याचा संबंध नाही, पण ओळखीत कुणाला गरज पडली तर विचारायला हरकत नाही.

एक्स-रेची शंका. नाही, हे किरण त्या जातीचे नाहीत. एक्स-रे पेशींच्या आतल्या रेणूंची मोडतोड करू शकतो. हा प्रकाश फक्त तापवतो. धोका आहे तो डोळ्यांना. दातांचे कापणारे लेझर सगळ्यात वरच्या, चौथ्या वर्गात मोडतात. डायोडचा प्रकाश डोळ्याला दिसतही नाही आणि थेट मागच्या पडद्यापर्यंत पोचतो. अर्बियम बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावरच थांबतो, पण तो पडदाही आपल्याला हवाच आहे. म्हणून खोलीतल्या प्रत्येकाला चष्मा. डॉक्टरांना, मदतनिसांना, तुम्हाला, आणि हात धरायला यजमान आत आले तर त्यांनाही. तुमचा नंबरचा चष्मा चालत नाही. लेझरच्या चष्म्याच्या काडीवर किंवा काचेवर आकडे छापलेले असतात, तो चष्मा कुठल्या तरंगलांबीला अडवतो ते. त्यात यंत्राचा आकडा बसला पाहिजे. ८१० साठीचा चष्मा २९४० ला उपयोगी पडेलच असं नाही. हे तपासायला मागितलं तर चांगला डॉक्टर खूश होतो, मी तरी होते. कापताना निघणारा धूर ओढून घ्यायला तोंडाजवळ जोरदार सक्शन हवं. तो धूर नाकात जाऊ देण्यासारखा नसतो.

तर तुम्ही फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "तुमचा लेझर कोणता, डायोड की अर्बियम?" उत्तर देताना अडखळले, किंवा "अहो, लेझर म्हणजे लेझर" म्हणाले, तर दुसरीकडे मत घ्या. फक्त डायोड असेल तर चांदीवरची हिरडी त्यांच्याकडे करा, पण दाढ लेझरने कोरण्याचा विषय तिथेच संपला. अर्बियम डोळ्यांनीही ओळखता येतो: बहुधा चाकांवरचं कपाटाएवढं यंत्र, पाणी-हवेच्या नळ्या जोडलेल्या, कापताना फवारा. डायोड टेबलावर मावतो, कधीकधी हातातसुद्धा.

आणि ती आठवीतली मुलगी. तिला दोघांनी धरून ठेवलं हे चूक होतं, त्या काळी चालायचं असं म्हणून मी ते झाकणार नाही. पण तिची भीती सगळी आवाजाची नव्हती, थांबवता न येण्याचीही होती. चांदीची दाढ ड्रिलने करावी लागेल, तेव्हा आधी ठरवून घ्या: डावा हात वर केला की ड्रिल बंद, कारण न विचारता. बसल्यावर एकदा उगाचच हात वर करून बघा, खरंच थांबतात का. सुईआधी जेल लावून दोन मिनिटं थांबायला सांगा आणि औषध हळूहळू सोडायला सांगा, दुखतं ते बरंचसं घाईने. कानांत तुमची गाणी लावा. सकाळची पहिली वेळ मागा, दिवसभर भीती उराशी घेऊन शाळेत शिकवायला नको. क्रमही असा ठेवा: आधी सफाई, कारण त्यात ड्रिल नाही आणि खुर्चीशी ओळख होते. मग ती २८ ची दाढ पुन्हा मोजून जे निघेल ते. चांदीची सगळ्यात शेवटी, पण सहा महिने लांबवू नका. तुटलेल्या कडेतून कीड आत जायला वाट मिळालेली आहे.

मात्र या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात, सासऱ्यांची वेळ घ्या. तोंडाच्या आजारांचे किंवा तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ जवळ असतील तर थेट त्यांच्याकडे. जाताना पेसमेकरचं कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या. निकाल आला की मला दोन ओळी लिहा.